अनलिमिटेड सुशी खायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (टोरांटो आणि आसपास)

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात नव्याने आलेले विद्यार्थी, नोकरीवाले आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा अनलिमिटेड सुशीबद्दल (सुशी म्हणजे चिकट भाताबरोबर मासा किंवा भाजी) हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. दर वेळी फोनवर सांगत बसण्यापेक्षा उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर एवढंच वाचा: भात बेताने मागवा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

हा बुफे असतो का?

नाही. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. जागेवर बसायचं, मागवायचं, छोट्या छोट्या बशा येत राहतात, संपलं की पुन्हा मागवायचं. माणशी दर ठरलेला. आपल्याकडच्या अनलिमिटेड थाळीसारखाच हिशेब, फक्त तिथे वाढपी आग्रह करतो आणि इथे आपणच आपल्याला आग्रह करतो, तोही फार जोरात.

यादी लांबलचक असते आणि सुशी हा तिचा एक भाग. तेंपुरा (पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाजी), तेरियाकी (गोड-खारट सॉस लावून भाजलेलं चिकन किंवा मासा), तळलेले मोमोसारखे ग्योझा, कोरियन पद्धतीच्या बीफ रिब्ज, थाय मँगो सॅलड, फ्राइड राइस, शेवटी ग्रीन टी किंवा आंब्याचं आइस्क्रीम. यातली बरीचशी हॉटेलं चिनी किंवा कोरियन कुटुंबं चालवतात, त्यामुळे यादीत निम्मा पूर्व आशिया सापडला तर नवल नाही.

साधारण खर्च किती?

दुपारी स्वस्त, रात्री महाग. सोमवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी महाग. अंदाजे सांगायचं तर दुपारी पंचविशीच्या आसपास आणि रात्री ३० ते ४० डॉलर. त्यावर १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) आणि टिप. पेयं बहुधा वेगळी, चहा मात्र बऱ्याच ठिकाणी फुकट. मुलांचा दर वयावरून, क्वचित उंचीवरून, आणि ज्येष्ठ नागरिकांना थोडी सूट असते. ती मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

दुपारचा दर कमी असतो कारण दुपारच्या यादीत साशिमी, म्हणजे भाताशिवायचे नुसते माशाचे काप, बहुतेक नसतात. तुम्हाला रोल आणि तळलेलेच पदार्थ आवडत असतील तर रात्री जाऊन जास्त पैसे देण्यात काही अर्थ नाही.

वेळेचं बंधन असतं का?

असतं. दीड ते दोन तास, आणि शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास. मंगळवारी हॉटेल रिकामं असेल तर कोणी उठवायला येत नाही. शनिवारी रात्री दाराशी रांग असताना येतात. सगळी मंडळी जमल्याशिवाय टेबल देत नाहीत हेही लक्षात ठेवा. ‘पार्किंग शोधतोय, पाच मिनिटांत आलोच’ म्हणणाऱ्यासाठी बाकीचे दारातच उभे राहतात.

टॅबलेटवर ऑर्डर कशी द्यायची? आमच्याकडे डोंगरच आला!

पूर्वी कागद आणि पेन्सिल असे, अजूनही काही ठिकाणी आहे. आता बहुतेक टेबलांवर टॅबलेट असतो. गोंधळ होतो तो आकड्याचा. पदार्थासमोर १ लिहिलं म्हणजे एक तुकडा, एक बशी की एक पूर्ण रोल, हे पदार्थागणिक बदलतं. निगिरी (भाताच्या लांबट मुटक्यावर माशाची चकती) नगावर मिळते. माकी म्हणजे रोल, तो अख्खा येतो, सहा किंवा आठ तुकड्यांचा. हँड रोल एक म्हणजे एकच, शेवेच्या कोनासारखा गुंडाळलेला. साशिमीची एक ऑर्डर तीन तुकड्यांची असू शकते.

आता पाच जण बसलेत. एकाने ‘प्रत्येकी एक’ म्हणून सामन (साल्मन मासा) साशिमीवर ५ दाबलं, तर येतात १५ तुकडे. ते संपतात, कारण साशिमी आहे. पण त्याच उत्साहात डायनामाइट रोलवरही (तळलेल्या कोळंबीचा रोल) ५ दाबलेले असतात, म्हणजे ४० तुकडे, म्हणजे पाच जाड रोल, आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकांनी तेच पान उघडून आणखी तीन टाकलेले असतात. टॅबलेट एकाच्याच हाती द्या. खेळीमेळीची लोकशाही इथे महागात पडते.

पदार्थाच्या चित्राखाली बारीक अक्षरात तुकड्यांची संख्या असते, ती वाचा. आणि ‘ऑर्डर पाठवा’ दाबल्यावर काहीच हललं नाही असं वाटलं तर लगेच पुन्हा दाबू नका. ऑर्डर स्वयंपाकघरात पोचलेली असते.

उरलं तर दंड करतात का?

नियम यादीवर छापलेला असतो: उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे अमुक रक्कम, किंवा उरलेल्या पदार्थाची सुट्या विक्रीची किंमत. दोन तुकडे राहिले म्हणून कोणी बिल वाढवत नाही. दोन बशा भरून राहिल्या तर मात्र वाढवतात, आणि त्यांचं चुकत नाही. वरचा मासा खाऊन खालचा भात बशीत रचून ठेवणं हे उरलेल्यातच धरतात. तो भात पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून सूपच्या वाटीत लपवणारे महाभाग आपल्यातही आहेत. वाढप करणाऱ्या मुलीला ते रोज दिसतं.

पैसे वसूल कसे करायचे?

खरा प्रश्न हाच, बाकीचे तोंडी लावायला.

हॉटेलचा सगळा हिशेब भातावर उभा आहे. सुशीचा भात चिकट, दाबलेला, साखर-मीठ-व्हिनेगर घातलेला. एका निगिरीत १५ ते २० ग्रॅम भात, तर आठ तुकड्यांच्या जाड रोलमध्ये जवळपास वाटीभर. तळलेली कोळंबी, वर मेयोनीज, वर गोड सॉस, असा रोल दिसायला राजेशाही असतो आणि दोन खाल्ले की संध्याकाळ संपते. हॉटेलला त्यात खर्च पडतो तो भाताचा आणि पिठाचा.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या फेरीत साशिमी आणि निगिरी, माणशी चार-पाच तुकडे, वाटीभर एदामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, मीठ लावलेल्या) आणि काहीतरी भाजलेलं. ते येईपर्यंत थांबा. खाऊन बघा, मासा कसा आहे ते कळेल. सामन थंड, घट्ट आणि चकचकीत असेल तर दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच. कडेला पाणी सुटलं असेल, मधोमध बर्फाचा खडा लागत असेल तर साशिमीचा नाद सोडा आणि शिजवलेल्या पदार्थांकडे वळा. एखाद-दुसरा रोल सगळ्यांत मिळून, चवीपुरता. तळलेलं गरम असतानाच, म्हणजे थोडं थोडं मागवून.

सूप, फ्राइड राइस, नूडल्स, स्प्रिंग रोल हे सुरुवातीला पटकन येतात, कारण ते तयारच असतात. साशिमी उशिरा येते. हा हॉटेलचा डाव आहे असं म्हणणारे आहेत. मासा कापायला माणूस लागतो आणि सूप ओतायला लागत नाही, एवढंच कारण मला पुरेसं वाटतं. पण परिणाम एकच, मासा यायच्या आत पोट भरलेलं.

आणि दिवसभर उपाशी राहून जाऊ नका. कडकडून भूक लागलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत भातच खातो.

कच्चा मासा खाऊन काही होणार नाही ना?

भीती रास्त आहे, फक्त ती योग्य जागी ठेवायला हवी. कच्च्या माशात दोन धोके असतात: परजीवी जंत आणि जिवाणू.

जंतांवर उपाय गोठवण्याचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेनुसार मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून १५ तास ठेवला तर जंत मरतात. सुशीतला बहुतेक मासा असा गोठवूनच आलेला असतो. म्हणजे ‘ताजा नाही, फ्रोझन आहे’ ही इथे तक्रार होऊ शकत नाही. सामन तर बहुधा मत्स्यशेतीतला अटलांटिक सामन, गोळी-खाद्यावर वाढवलेला, त्यात जंतांचा धोका मुळातच कमी. जपानी लोकही पूर्वी त्यांच्याकडचा सामन कच्चा खात नसत, जंतांमुळेच. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सामन विकायला तिथे मोठी मोहीम चालवली आणि मग सामनची सुशी रूढ झाली.

जिवाणू गोठवल्याने मरत नाहीत, झोपतात. त्यांच्यावर उपाय म्हणजे स्वच्छता, थंडावा आणि भरपूर खप. म्हणून गर्दीचं हॉटेल निवडा. टोरांटो शहरात दाराजवळ डाइनसेफची पाटी असते: हिरवी म्हणजे तपासणीत पास, पिवळी म्हणजे अटींवर पास, लाल म्हणजे बंद. हिरवी बघूनच आत जा. ‘सुशी ग्रेड’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नका, त्यांना कायद्यात ठरलेली व्याख्या नाही.

भात कोमट का, असंही विचारतात. तसाच असायला हवा. व्हिनेगरमुळे त्याची आम्लता इतकी वाढते की तो काही तास फ्रिजबाहेर राहू शकतो. फ्रिजमधला गार, कडक भात हीच उलट काळजीची खूण.

गरोदर बायकांनी, अगदी लहान मुलांनी, फार वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसांनी कच्चं टाळावं. त्यांच्यासाठी शिजवलेलं पुष्कळ असतं.

मी मालवणचा. यातला कुठला मासा आपला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो, वास उग्र, त्यामुळे टेबलावर त्याला कोणी हात लावत नाही. कोकणातल्या माणसाने पहिल्यांदा हाच मागवावा. ट्यूना म्हणजे आपला कुपा, तोही त्याच कुळातला. इका म्हणजे माकूल, कच्चं आणि चिवट-गोडसर. एबी म्हणजे कोळंबी, ती उकडलेली असते. होक्कीगाई हे लाल टोकाचं शिंपल्यातलं मांस, तिसऱ्या आवडणाऱ्यांना पटेल. मासागो म्हणजे कॅपेलिन नावाच्या छोट्या माशाची गाबोळी, रोलवर केशरी रव्यासारखी पसरलेली. उनागी ही गोड्या पाण्यातली वाम. ती कधीच कच्ची देत नाहीत. भाजून वर गोड-खारट सॉस लावलेला असतो, आणि कच्च्याला बिचकणाऱ्या आईंना ती हमखास आवडते.

सामनला ‘रावस’ म्हणू नका. रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात खरं, पण दोघांचा काडीचा संबंध नाही. आणि यादीतला ‘रेड स्नॅपर’ बऱ्याचदा तिलापिया निघतो, तेव्हा तांबोशीच्या आशेने मागवू नका.

खेकड्याचं मांस म्हणून कॅलिफोर्निया रोलमध्ये जी लाल-पांढरी कांडी असते तो खेकडा नव्हे. पोलॉकसारख्या पांढऱ्या माशाचा लगदा, स्टार्च, अंड्याचा पांढरा भाग आणि रंग. चिंबोऱ्या फोडून खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासात कळतं.

‘व्हाइट टूना’ फार लुसलुशीत लागला. आणखी मागवू?

नको. या नावाखाली, किंवा ‘बटरफिश’ म्हणून, बरेचदा एस्कोलार नावाचा मासा देतात. त्याच्या चरबीत मेणासारखा घटक असतो जो माणसाला पचत नाही. दोन तुकड्यांनी बहुतेकांना काही होत नाही. आठ-दहा खाल्ले तर दुसऱ्या दिवशी नारिंगी तेल बाहेर येतं, न सांगता, न विचारता. जपानमध्ये त्याच्या विक्रीवर १९७७पासून बंदी आहे. अनलिमिटेडच्या टेबलावर हा मासा असणं म्हणजे आगीजवळ तेल ठेवणं.

आम्ही शाकाहारी. गेलो तर उपाशी परत येऊ?

उपाशी नाही, पण नाराज होऊन याल अशी शक्यता आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. टेबलावरच्या प्रत्येकाला अनलिमिटेडच घ्यावं लागतं. चार जण अनलिमिटेड आणि आई एक काकडीचा रोल, असं चालत नाही. म्हणजे सामन खाणाऱ्याइतकेच पैसे देऊन तुम्ही काकडी, अवोकाडो आणि रताळं खाणार. फक्त शाकाहारी मंडळी असतील तर अनलिमिटेडच्या वाटेला जाऊच नका. साध्या जपानी हॉटेलात दोन रोल आणि एक तेंपुरा निम्म्या पैशांत होईल.

मिश्र मंडळी असतील तर हे मागवा: अवोकाडो रोल, काकडीचा रोल, रताळ्याच्या तेंपुऱ्याचा रोल, पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा ओशिंको रोल, एदामामे, समुद्री शेवाळाचं सॅलड, मँगो सॅलड (त्यात फिश सॉस नाही ना, विचारा), आइस्क्रीम.

आता अडचण. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा पाया असतो: कोम्बू शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनिटो मासा यांचं पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूप त्यावरच बनतं. सूपमध्ये टोफू आणि कांद्याची पात तरंगताना दिसते म्हणून ते शाकाहारी ठरत नाही. आगेदाशी टोफूखालचा (तळलेल्या टोफूखालचा) रस, तेंपुऱ्याबरोबरची तपकिरी चटणी, इनारीचं गोड टोफूचं पाकीट, अगदी तामागो नावाचं गोडसर ऑम्लेट, या सगळ्यात दाशी असू शकते. तेंपुऱ्याच्या पिठात अंडं असू शकतं आणि कोळंबी तळलेल्याच तेलात भाज्या तळतात. स्पायसी मेयोत अंडं असतंच.

‘व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी मांस नाही म्हणजे व्हेज. ‘यात माशाचं पाणी आहे का, अंडं आहे का?’ असं नेमकं विचारा. जैन पद्धतीने खाणाऱ्यांना रताळं आणि मुळाही चालणार नाही, मग उरतं ते काकडी-अवोकाडो. बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांनी ग्योझा आणि स्प्रिंग रोलमध्ये काय आहे ते विचारून घ्यावं; ग्योझात बहुतेक पोर्क असतं.

सासू-सासरे भारतातून आलेत. नेऊ का?

मासे खाणारे आणि हौशी असतील तर जरूर, पण दुपारी, मधल्या वारी, निवांत. पहिल्या फेरीत तळलेली कोळंबी, उनागी, तेरियाकी चिकन. कच्चं त्यांच्या बशीत वाढू नका, आपल्या बशीत ठेवून खा. कुतूहल वाटलं तर स्वतःच मागतील. डॉलरचे रुपये त्यांना तिथे करू देऊ नका.

मधुमेह आहे.

भातात साखर आहे, उनागी आणि तेरियाकीच्या सॉसमध्ये साखर आहे, तेंपुऱ्यात मैदा आहे. साशिमी, एदामामे, भाजलेला मासा यांवर भर द्या. रक्तदाब असेल तर सोया सॉस जपून: एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं.

वसाबी म्हणजे ती हिरवी चटणी ना?

चटणी समजून चमचाभर तोंडात टाकणारे दर आठवड्याला भेटतात. झणका जिभेला लागत नाही, नाकात जातो, आणि पाण्याने शमत नाही. थोडा धीर धरा, अर्ध्या मिनिटात उतरतो. अनलिमिटेडमध्ये मिळते ती खरी वसाबी जवळपास कधीच नसते, हॉर्सरॅडिश आणि मोहरीला हिरवा रंग दिलेला असतो. गुलाबी आल्याचं लोणचं दोन माशांच्या मध्ये खायचं, जीभ साफ करायला. सोया सॉसमध्ये निगिरी बुडवताना माशाची बाजू खाली. भात बुडवला तर तो सुटतो आणि बशीत खिमट होतं.

हाताने खाल्लं तर चालेल?

बिनधास्त. निगिरी हाताने खाण्याची पद्धत जपानमध्येही आहे. चॉपस्टिक्स वापरत असाल तर दोन गोष्टी टाळा: त्या भातात उभ्या खोचणं आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये तुकडा देणं. दोन्हींचा संबंध तिथल्या अंत्यविधींशी आहे.

हे अस्सल जपानी जेवण आहे का?

अर्धंमुर्धं. मुठीत दाबलेली निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोक्योत, रस्त्यावर उभं राहून खायचा पदार्थ म्हणून रुळली. सुशी स्वस्त आणि भरभर मिळावी म्हणून योशिआकी शिराइशी यांनी १९५८मध्ये ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरचं पहिलं हॉटेल काढलं. त्यामुळे सुशी म्हणजे गंभीर चेहऱ्याचा आचारी आणि पोटात गोळा आणणारं बिल, एवढंच चित्र खरं नाही. क्रीम चीज, मेयो, तळलेले रोल हे सगळं उत्तर अमेरिकेतलं. तळलेल्या भाताच्या चकतीवर सामन आणि अवोकाडो ठेवलेला सुशी पिझ्झा तर टोरांटोचाच मानला जातो. तो एकदा खाऊन बघा, अस्सलपणाचा विचार न करता.

उरलेलं पार्सल देतात?

नाही.

टिप द्यायचीच का? किती?

द्यायची. टॅबलेटवर ऑर्डर आपण दिली असली तरी वीस बशा आणणं-उचलणं कोणीतरी केलेलं असतं. १५ टक्के ठीक, चांगली सेवा असेल तर १८. सहा-आठ जणांहून मोठा गट असेल तर बऱ्याच ठिकाणी १५ ते १८ टक्के टिप बिलातच लावलेली असते, तेव्हा बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

हिशेब असा: जेवण ३५ डॉलर, १३ टक्के एचएसटी ४.५५, मूळ रकमेवर १५ टक्के टिप ५.२५, एकूण ४४.८०. कार्डाचं मशीन मात्र टिप बहुधा करासकट रकमेवर काढतं आणि १८, २०, २२ असे पर्याय पुढे करतं. खाली ‘इतर रक्कम’ असं बटण असतं, ते दाबून आपला आकडा टाका.